पाना हातात आला, पण सही कोणाची?

एका संध्याकाळी उतरताना आमच्या विमानाचा लँडिंग लाइट लागलाच नाही, आणि या सगळ्या प्रकरणाला तेथून सुरुवात झाली. धावपट्टीच्या कडेचे दिवे स्वच्छ दिसत होते, त्यामुळे उतरण्यात काही अडचण आली नाही. विमान हँगरमध्ये ढकलून ठेवताना मी भागीदाराला सहज म्हणालो की बल्बच तर आहे, उद्या मीच बदलून टाकतो. त्यावर त्याने विचारले, "पण आपल्याला ते करता येतं का?" मी म्हटले, "न यायला काय झालं? चार स्क्रू तर काढायचे आहेत." तो म्हणाला, "तसं नाही रे. करता येतं का, म्हणजे चालतं का?"

"करता येणे" या मराठी शब्दप्रयोगात जमणे आणि मुभा असणे हे दोन्ही अर्थ एकाच वेळी नांदत असतात, आणि एरवी आपण त्यांच्यात फारसा भेद करत नाही. विमानाच्या बाबतीत मात्र तो भेद करावाच लागतो. पुढील दीड वर्ष मी जे शिकलो त्यातील निम्मे जमण्याविषयी होते आणि निम्मे मुभेविषयी.

आमचे विमान १९७५ सालचे सेसना १७२ आहे. त्यात चार माणसे बसतात, चार सिलिंडरचे १५० अश्वशक्तीचे लायकॉमिंग इंजिन आहे, आणि ते आम्हा तिघांच्या भागीदारीत आहे. आम्ही अमेरिकेत राहतो आणि विमान तेथेच नोंदलेले आहे, त्यामुळे या लेखातील सर्व नियम अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाचे, म्हणजे एफएएचे आहेत; इतर देशांत ही रेषा वेगळ्या ठिकाणी आखलेली असते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या मेकॅनिकना फोन केला. विमानाची वार्षिक तपासणी तेच करतात, बोलतात कमी, आणि प्रश्नाचे उत्तर देण्याऐवजी वाचायला कागद देणे त्यांना अधिक आवडते. त्यांनी मला नियमावलीच्या भाग ४३ चे परिशिष्ट छापून दिले आणि सांगितले की तिसरा परिच्छेद आधी वाच, मग दुसरा वाच, आणि मगच पाना उचल.

तो तिसरा परिच्छेद म्हणजे "प्रतिबंधात्मक देखभाल" या सदराखाली येणाऱ्या कामांची यादी आहे. येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण माझा स्वतःचाही सुरुवातीला गोंधळ झाला होता. विमानमालक बोलता बोलता ज्याला "किरकोळ दुरुस्ती" म्हणतात ती आणि नियमातील किरकोळ दुरुस्ती या एकच गोष्टी नाहीत. नियमात या कामांच्या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. सर्वांत खाली प्रतिबंधात्मक देखभाल, म्हणजे साधी, जपणुकीची कामे आणि जोडणीची गुंतागुंत नसलेल्या छोट्या प्रमाणित भागांची बदली. ही कामे विमानाचा मालक किंवा चालक स्वतः करू शकतो, मात्र त्याच्याकडे वैमानिकाचा परवाना हवा आणि ते विमान एअरलाइन किंवा चार्टर सेवेत वापरले जात नसावे. त्यावरची पायरी किरकोळ दुरुस्तीची आणि तिच्यावरची मोठ्या दुरुस्तीची. या दोन्हींना परवानाधारक मेकॅनिक लागतो, आणि मोठ्या दुरुस्तीनंतर विमान पुन्हा सेवेत घेण्याची मान्यता द्यायला तपासणीचा विशेष अधिकार असलेला मेकॅनिक किंवा मान्यताप्राप्त दुरुस्ती केंद्र लागते. म्हणजे नावात "किरकोळ" असले तरी किरकोळ दुरुस्ती माझी नव्हेच. माझी हद्द तिच्या अलीकडेच संपते.

हे मेकॅनिक कोण असतात, हेही मला तोपर्यंत नीट ठाऊक नव्हते. त्यांच्या परवान्यात सांगाडा आणि इंजिन अशी दोन स्वतंत्र मानांकने असतात. दोन्ही मिळवायची असतील तर एक तर मान्यताप्राप्त शाळेतून शिकावे लागते किंवा ३० महिन्यांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव दाखवावा लागतो, आणि त्यानंतर लेखी, तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षा असतात. तपासणीचा विशेष अधिकार हवा असल्यास दोन्ही मानांकने हाती येऊन किमान तीन वर्षे झालेली असावी लागतात, आणि त्यातील शेवटची दोन वर्षे सतत कामात घालवलेली असावी लागतात. आमचे मेकॅनिक या शेवटच्या प्रकारातील आहेत.

यादी वाचताना मला पुन्हा पुन्हा आश्चर्य वाटत होते. टायर काढणे, बसवणे व दुरुस्त करणे माझ्या हद्दीत आहे. चाकांच्या बेअरिंग धुऊन ग्रीस भरणे, इंजिनाचे ऑइल फिल्टर बदलणे, स्पार्क प्लग काढून साफ करणे व त्यांची फट जुळवणे, बॅटरी बदलणे, आसनांचे पट्टे बदलणे, बाजूच्या खिडकीची काच बदलणे, हीसुद्धा माझ्या हद्दीत आहेत. रबरी नळ्यांचे जोड बदलता येतात, पण हायड्रॉलिकच्या नळीला हात लावायचा नाही. विमानाचा बाह्य रंग पुन्हा देता येतो, पण तोलून बसवलेल्या नियंत्रक पृष्ठभागांना, म्हणजे विमान वळवणाऱ्या हलत्या भागांना, तो स्वतः द्यायचा नाही, कारण त्यांवर चढलेला थोडासा रंगही तोल बिघडवतो आणि वेगात ते पृष्ठभाग थरथरू लागू शकतात. यादी अवघडपणाच्या क्रमाने लावलेली नाही, हे माझ्या लक्षात आले. सगळ्यांत विचित्र नोंद दिव्यांची आहे. लँडिंग लाइट आणि पंखांच्या टोकांचे दिवे या दोहोंचे बल्ब मला बदलता येतात. तुटलेली तार शोधून जोडण्याचा उल्लेख मात्र फक्त लँडिंग लाइटच्या बाबतीत आहे. ही यादी संपूर्ण मानावी की उदाहरणादाखल, यावर हँगरमध्ये कडाक्याचे वाद होतात. मी तिला संपूर्ण मानतो, कारण सही माझी असते आणि वाद घालणाऱ्यांची नसते.

शेजारच्या हँगरमधील गृहस्थांना हा प्रश्नच पडत नाही. त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलेले विमान "प्रायोगिक" वर्गातील आहे, आणि त्या वर्गाला भाग ४३ ची ही बंधने लागू होत नाहीत. ते एखाद्या रविवारी पंख काढून ठेवतात आणि पुढच्या रविवारी बसवतात. त्यांना सहीची गरज लागते ती दर बारा महिन्यांनी होणाऱ्या तपासणीसाठी, आणि बांधणारे स्वतःच असल्यामुळे त्या तपासणीचे प्रमाणपत्रही त्यांनी स्वतःच्याच नावे मिळवलेले आहे. आमचे विमान कारखान्यातून प्रमाणित होऊन आलेले आहे, त्यामुळे एका स्क्रूचाही हिशेब द्यावा लागतो. मला त्यांचा हेवा वाटतो, हे कबूल करतो.

यादी वाचून झाल्यावर मी लँडिंग लाइटकडे वळलो. आमच्या विमानात तो पुढे, इंजिनावरील आवरणाच्या म्हणजे काऊलिंगच्या खालच्या भागात बसवलेला आहे. मी ४५०९ क्रमांकाचा नवा बल्ब आणून ठेवला होता, पण जुना काढून मीटर लावला तेव्हा तो अगदी ठणठणीत निघाला. मग तार चाचपली. वरून ती चांगली दिसत होती. टोकाला बसवलेल्या धातूच्या टर्मिनलला धरून हलके ओढले तेव्हा ती हातातच आली. दर वेळी काऊलिंग काढताना ती तार सोडवावी लागते, शिवाय इंजिनाची थरथर तिच्यावर सतत चालू असते, त्यामुळे टर्मिनलच्या तोंडाशी तिचे तंतू एकेक करून तुटत गेले होते आणि शेवटचे दोन-तीन कधी तरी त्याच संध्याकाळी तुटले असावेत.

घरात तार पडलेली होती, टर्मिनलही होते, आणि पकडीने दाबून काम दहा मिनिटांत झाले असते. परंतु त्याच नियमावलीत असेही म्हटले आहे की काम उत्पादकाच्या चालू देखभाल-पुस्तिकेतील किंवा प्रशासनाला मान्य असलेल्या पद्धतीने, योग्य अवजारांनी आणि योग्य दर्जाच्या साहित्याने झाले पाहिजे, आणि काम झाल्यावर तो भाग निदान मूळ स्थितीइतका तरी चांगला असला पाहिजे. त्यामुळे विमानासाठीची तार आणि टर्मिनल मागवले, आणि पूर्ण दाब बसल्याशिवाय न सुटणारी खाचांची पकड मेकॅनिककडून उसनी आणली. जोड बसवल्यावर त्यांनी सांगितल्याप्रमाणे तो चांगला ओढून पाहिला, तार पुढे घासू नये म्हणून तिला आधार दिला, आणि स्विच दाबताच दिवा लागला. मी खूश होऊन घरी गेलो.

दोन दिवसांनी मेकॅनिकनी विमानाचे लॉगबुक मागितले, शेवटचे पान पाहिले आणि बंद करून परत दिले. मी नोंद केलेली नव्हती. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे जे काम लिहिलेले नाही ते झालेले नाही, आणि जे झालेले नाही त्याच्या जोरावर उडायचे नसते. मग मी त्यांच्यासमोर बसून पहिली नोंद लिहिली. काय केले याचे वर्णन, काम पूर्ण झाल्याची तारीख, माझी सही, परवान्याचा क्रमांक आणि परवान्याचा प्रकार, एवढे त्यात असावे लागते. ओळी जेमतेम चार, पण त्या लिहायला मला अर्धा तास लागला, कारण "लँडिंग लाइट दुरुस्त केला" एवढे त्यांना पुरेसे वाटेना. कोणती तार, कुठे तुटली, कोणत्या पद्धतीने जोडली, पुस्तिकेचा आधार कोणता, चालवून पाहिला का, हे सारे वाचणाऱ्याला कळले पाहिजे, आणि वाचणारा दहा वर्षांनंतरचा अनोळखी मेकॅनिक असू शकतो, असे ते म्हणाले. या कामापुरती ती सही म्हणजे विमान पुन्हा सेवेत घेण्याची मान्यता असते. आमचा तिसरा भागीदार तेव्हा विद्यार्थी-वैमानिक होता. त्याचे हात माझ्यापेक्षा कुशल आहेत, पण अशी मान्यता देण्यासाठी निदान खासगी वैमानिकाचा परवाना लागतो, म्हणून परीक्षा उत्तीर्ण होईपर्यंत तो दिवा धरायला आणि माझ्या चुका मोजायला शेजारी उभा राहत असे.

चुका मोजण्याची संधी त्याला लवकरच मिळाली. पुढचे काम ऑइल बदलण्याचे होते. आमच्या इंजिनावर फिल्टर बसवण्याची सोय आहे, त्यामुळे दर ५० तासांनी ऑइल आणि फिल्टर बदलतात. ज्या इंजिनांवर नुसती जाळी असते त्यांना २५ तासच मिळतात, आणि उड्डाण कमी झाले तरी चार महिन्यांच्या पुढे जायचे नसते. ऑइल काढणे, नवीन भरणे, यात सांगण्यासारखे काही नाही. वेळ गेला तो फिल्टरला सेफ्टी वायर बांधण्यात. फिल्टर ठरलेल्या टॉर्कने, म्हणजे मोजलेल्या पिळण्याच्या जोराने, घट्ट केल्यावर तो थरथरीने सैल होऊ नये म्हणून ०.०३२ इंच जाडीची तार त्याच्या कडीतून ओवून, दोन पदर एकमेकांवर पिळून, दुसऱ्या स्थिर बिंदूला बांधतात. पिळ्यांची संख्या साधारणपणे इंचाला सहा ते आठ असावी लागते.

मी ती तार अतिशय सुबक बांधली होती. पिळे सारखे होते, शेवटचे टोक आत वळवलेले होते, फोटोही काढला होता. मेकॅनिकनी फिल्टर दोन बोटांत धरून सुटण्याच्या दिशेने किंचित फिरवल्यासारखे केले. ताण बसण्याऐवजी तार ढिली पडली. मी ती उलट्या बाजूने ओढून बांधली होती. फिल्टर सुटू लागला असता तर ती तार त्याला वाट मोकळी करून देणार होती. काहीही न बोलता त्यांनी कटर काढला, तार तोडली, तुकडे मोजून खिशात टाकले आणि नवी तार माझ्या हातात ठेवली. दुसऱ्या वेळी दिशा बरोबर आली, पण पिळे सैल होते. तिसऱ्या वेळी त्यांनी नुसती मान हलवली. तेव्हापासून कोणतीही सेफ्टी वायर बांधण्यापूर्वी मी हाताने तो भाग कोणत्या दिशेने सुटेल हे हवेत फिरवून पाहतो. शेजाऱ्यांना ते विनोदी वाटते.

जुने फिल्टर फेकून देत नाहीत, हेही तेव्हाच कळले. त्याचे पत्र्याचे डबडे खास कटरने कापतात, आतील घड्यांचा कागद सोडवून पिळतात, आणि उन्हात पसरून त्यात धातूचे कण आहेत का ते पाहतात. चुंबकाला चिकटणारे कण वेगळी गोष्ट सांगतात, न चिकटणारे वेगळी. आमच्या कागदावर काजळीखेरीज काही नव्हते. फिल्टर बदलण्याची मुभा मला आहे. पण कागदावर चकाकी दिसली असती तर तिचा अर्थ लावणे माझे काम नव्हते, आणि मी विमान तेथेच उभे करून फोन केला असता.

स्पार्क प्लगचे काम मला मनापासून आवडते. प्रत्येक सिलिंडरला दोन, असे आठ प्लग असतात आणि ते दोन स्वतंत्र मॅग्नेटोंवर चालतात. मॅग्नेटो स्वतःची वीज स्वतः तयार करतो, बॅटरीवर अवलंबून नसतो, त्यामुळे किल्ली बंद असली तरी एखादी तार तुटलेली असल्यास हाताने फिरवलेला पुढचा पंखाही, म्हणजे प्रोपेलरही, इंजिन चालू करू शकतो. म्हणून इंजिनाजवळ काम करताना पंखा नेहमी जिवंत आहे असेच धरून चालायचे. प्लग काढताना प्रत्येकाची जागा ठाऊक राहावी म्हणून मी आकडे घातलेल्या भोकांची लाकडी पट्टी केली आहे. खालचे प्लग नेहमी अधिक मळलेले निघतात, कारण ऑइल आणि इंधनातील शिशाचे बारीक खडे तेथे साचतात. साफ करून, फट ०.०१६ ते ०.०२१ इंचांच्या दरम्यान आणून, ते परत बसवताना वरचे खाली व खालचे वर असे ठरलेल्या क्रमाने फिरवतात, म्हणजे ते सारखे झिजतात. तांब्याच्या चकत्या दर वेळी नव्या घालतात, आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचे वंगण टोकाकडील आटे सोडून अगदी बेताने लावतात, आणि टॉर्क ३० ते ३५ फूट-पाउंड ठेवतात.

पहिल्या वेळी सहावा प्लग माझ्या हातातून सुटून काँक्रीटवर पडला. उचलून पाहिला तर ओरखडासुद्धा नव्हता. मी तो पुसून पट्टीत ठेवत होतो, इतक्यात आमच्या विद्यार्थी-वैमानिकाने शांतपणे तो घेतला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. आतील चिनी मातीच्या नळीला बाहेरून न दिसणारी भेग जाऊ शकते, हे त्याने परीक्षेसाठी नव्हे तर उत्सुकतेपोटी वाचलेले होते. त्या दिवशी नवा प्लग येईपर्यंत विमान जमिनीवर राहिले. नंतर इंजिन मिनिटाला १७०० फेऱ्यांवर चालवून एकेक मॅग्नेटो बंद करून पाहिला. एकावर चालताना फेऱ्यांतील घट १२५ पेक्षा जास्त नसावी आणि दोन्हींतील फरक ५० पेक्षा जास्त नसावा, आणि दोन्ही आकडे त्याच्या बरेच आत होते. त्यानंतर मी नोंद लिहिली, आणि यावेळी दहा मिनिटांत लिहिली.

टायरच्या कामात मी जी चूक केली ती सांगायला संकोच वाटतो. छोट्या विमानाचे चाक दोन अर्ध्या भागांचे असते आणि ते भाग बोल्टांनी जोडलेले असतात. ते बोल्ट सैल करण्यापूर्वी ट्यूबमधील सगळी हवा काढलीच पाहिजे, नाहीतर दाबाखाली असलेले दोन भाग अंगावर उडतात आणि असे अपघात जीवघेणे ठरलेले आहेत. ही खबरदारी मी घेतली होती. व्हॉल्व्हची सुईच काढून ठेवली होती. नवा टायर बसवताना ट्यूबला पावडर लावली, टायरवरील लाल ठिपका व्हॉल्व्हपाशी आणला, बोल्ट टॉर्क केले, हवा भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी विमान एका बाजूला कलून उभे होते. चाकाचे दोन अर्धे भाग मिटताना मी त्यांच्यात ट्यूबची कड चिमटून ठेवली होती. आता मी आधी ट्यूबमध्ये तिला आकार येण्यापुरती थोडी हवा भरतो, मगच भाग जुळवतो, आणि बोल्ट आवळण्यापूर्वी फटीतून चहूबाजूंनी दिवा फिरवून पाहतो.

त्याच वेळी ब्रेकची लायनिंग झिजलेली दिसली. चाक काढण्यासाठी ब्रेकची मागची पट्टी सोडवावीच लागते, त्यामुळे लायनिंग समोरच होती, आणि जुने रिव्हेट काढून नवे बसवणे टायरपेक्षा सोपे आहे, हे मला दिसत होते. पण ते काम यादीत नाही. येथे नियमातील आणखी एक दार उपयोगी पडले. मेकॅनिकच्या देखरेखीखाली कोणीही काम करू शकतो. अट एवढीच की काम नीट होत आहे याची खात्री पटेल इतके ते त्यांनी स्वतः पाहिले पाहिजे आणि विचारण्यासाठी ते प्रत्यक्ष उपलब्ध असले पाहिजेत. तपासण्या मात्र अशा पद्धतीने करता येत नाहीत. रिव्हेट मी बसवले, एक वाकडा गेला तो त्यांनी काढायला लावला, आणि सही त्यांनी केली.

या सगळ्याचा कस लागला तो गेल्या हिवाळ्यात. विमान हँगरमध्ये ढकलताना पंखाचे टोक दाराच्या खांबाला घासले. ढकलणारे आम्ही तिघेही होतो, त्यामुळे दोष कोणाचा हा प्रश्न तेथेच मिटला. पंखाच्या टोकावरील प्लास्टिकच्या फेअरिंगला, म्हणजे हवा सहज वाहावी म्हणून बसवलेल्या आवरणाला, बोटभर लांब तडा गेला होता, आणि ती जेथे स्क्रूंनी पंखाला जोडलेली आहे तेथील धातूची कड एका स्क्रूपाशी फाटली होती.

मेकॅनिकनी फेअरिंगकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी विजेरी पंखाला जवळजवळ टेकवून तिरपा प्रकाश टाकला आणि रिव्हेटांच्या ओळीवरून नजर फिरवली, म्हणजे पत्र्याला सुरकुती आली असेल तर सावली पडते. नंतर अंगठ्याचे नख एकेका रिव्हेटच्या कडेवरून फिरवले. मग खालील तपासणीचे झाकण उघडून आत आरसा घातला आणि शेवटची बरगडी, म्हणजे पंखाला आकार देणारी आडवी पट्टी, सरळ आहे का ते पाहिले. पाऊण तास गेला. मला वाटत होते की ते दुरुस्ती कशी करायची याचा विचार करत आहेत, पण ते आधी तिचा वर्ग ठरवत होते. चुकीची झाल्यास वजन, तोल, मजबुती, इंजिनाचे काम किंवा उड्डाणाचे गुण यांवर लक्षणीय परिणाम होऊ शकेल अशी दुरुस्ती मोठी, आणि जी मोठी नाही ती किरकोळ. व्याख्येचा गाभा हा आहे. परिशिष्टाच्या दुसऱ्या परिच्छेदात मोठ्या दुरुस्तींची उदाहरणे दिली आहेत, आणि त्यांत ताण घेणाऱ्या पत्र्याचे कोणत्याही दिशेने सहा इंचांपेक्षा मोठे नुकसान येते, लागून असलेल्या तीन किंवा अधिक बरगड्यांची दुरुस्ती येते. आमचे फाटणे इंचभराचे होते, बरगडी सरळ होती, रिव्हेट घट्ट होते. त्यांनी ती किरकोळ ठरवली. मोठी ठरली असती तर मान्य आराखडा, ३३७ क्रमांकाचा अर्ज, आणि मान्यता मिळाल्यापासून ४८ तासांच्या आत त्याची प्रत प्रशासनाकडे, असा सगळा प्रवास करावा लागला असता.

मग कामाची वाटणी झाली. धातूची कड त्यांनी उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे पट्टी लावून रिव्हेट केली. मी आतून लोखंडी ठोकळा धरून बसलो होतो आणि त्याचे हादरे खांद्यापर्यंत जात होते. फेअरिंगचा तडा माझ्या वाट्याला आला, कारण फेअरिंगची छोटी, साधी दुरुस्ती यादीत आहे. तडा पुढे सरकू नये म्हणून त्याच्या अगदी टोकाला बारीक भोक पाडतात. हे टोक डोळ्यांना दिसते त्याच्या थोडे पुढे असते; मी भिंगातून पाहून, पेन्सिलने खूण करून, हळूच ड्रिल टेकवले आणि आतून पट्टी चिकटवली. लॉगबुकमध्ये एकाच तारखेच्या दोन नोंदी आहेत, एक त्यांची आणि तिच्याखाली माझी.

वार्षिक तपासणीच्या वेळी त्यांनी माझ्या साऱ्या नोंदी वाचल्या आणि त्यांबद्दल काही बोलले नाहीत, याला मी शाबासकी समजलो. अडले ते दुसरीकडे. मागील आसनांचे पट्टे विमान आमच्याकडे येण्यापूर्वी कोणी तरी बदललेले होते. पट्टे बदलणे यादीत आहे, त्यामुळे बदलणाऱ्याला ते करण्याची मुभा असेलही. परंतु पट्ट्यांवर मान्यतेची चिठ्ठी नव्हती, लॉगबुकमध्ये नोंद नव्हती, आणि शिवणीवरून ते मोटारीचे असावेत असे दिसत होते. दोन वर्षे आम्ही त्या आसनांवर घरच्या माणसांना बसवत होतो. मान्यताप्राप्त पट्टे येईपर्यंत तपासणी अपुरी राहिली. नवे पट्टे मी बसवले, चिठ्ठ्यांवरील क्रमांकांसह नोंद केली, आणि जुने कोणी पुन्हा वापरू नयेत म्हणून कात्रीने कापून टाकले.

गेल्या रविवारी उजव्या पंखाच्या टोकावरील हिरवा दिवा लागेना. बल्ब बदलला, तरी लागेना. मीटर लावला तेव्हा बल्बच्या बैठकीपर्यंत वीजच पोहोचत नव्हती, आणि झाकणातून आत डोकावल्यावर टर्मिनलशी तुटलेली तार दिसलीही. लँडिंग लाइटच्या तारेसारखीच ती होती, तशीच तुटलेली, आणि तिला लागणारी पकड आता माझ्या स्वतःच्या पेटीत होती. भागीदार शेजारी उभा होता. तो म्हणाला, "हे तर तुला करता येतं." मी म्हणालो, "येतं, पण येत नाही." पंखांवरील दिवे रात्रीच्या उड्डाणालाच आवश्यक असतात, म्हणून स्विचपाशी तो नादुरुस्त असल्याची चिठ्ठी चिकटवली, दिवस मावळण्यापूर्वी उतरायचे असे तिघांत ठरवले, नवा बल्ब खोक्यात परत ठेवला, आणि मेकॅनिकना फोन केला. ते गुरुवारी येणार आहेत. पकड माझीच वापरणार असे म्हणाले.